शाल, श्रीफळ आणि शुहूर सन

इतिहासाची संस्था काढायची आणि मग तिच्याशीच भांडून बाहेर पडायचं, ही रीत आपल्याकडे थेट राजवाड्यांपासून चालत आली आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 7 जुलै 1910 रोजी सरदार खंडेराव मेहेंदळ्यांच्या साथीनं पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं, आणि पुढे मंडळींशी बिनसल्यावर पुण्याला रामराम ठोकून ते धुळ्याला गेले. 1926 साली तिथेच वारले. धुळ्यात त्यांच्या नावानं राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्या मंडळाशी भांडायला मात्र राजवाडे हयात नव्हते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड काढणाऱ्या माणसाला मंडळींशी जुळवून घेणं जमलं नाही, ते आमच्या गावच्या मंडळाच्या कार्यवाहांना जमावं, अशी अपेक्षा कुणी करूही नये.

आमचं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं. इथे भांडून बाहेर पडायची सोय नाही, कारण बाहेर दुसरं मंडळ नाही. त्यामुळे सगळे भांडतात आणि आतच राहतात. मंडळाच्या दोन खोल्या नगरवाचनालयाच्या माडीवर. एका खोलीत लोखंडी कपाटं, दुसरीत सतरंजी. कपाटाची किल्ली खजिनदारांकडे आणि खजिनदार मुलाकडे पुण्याला. जिन्याखाली एक छोटी तोफ आहे. ती कोणत्या लढाईत वापरली याबद्दल तीन मतं आहेत, पण सध्या तिच्या तोंडात गुटख्याच्या पुड्या टाकतात याबद्दल एकमत आहे. मंडळ 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं आहे. म्हणजे ज्या कायद्यावर मंडळ उभं आहे, तो मंडळातल्या निम्म्या वस्तूंपेक्षा जुना. सभासद बहुतेक निवृत्त: गुरुजी, पोस्टमास्तर, तलाठी, बँकेतले हेडकॅशियर. गुडघे अजून स्वतःचे असतील, तर त्या सभासदाला आमच्याकडे तरुण कार्यकर्ता म्हणतात.

थंडी पडली की वारसा फेरी निघते. पत्रकात वेळ सकाळी साडेसहाची असते, पोह्याचं पातेलं साडेसातला येतं, फेरी आठला निघते. पहिला मुक्काम नदीकाठचं महादेवाचं देऊळ. हे देऊळ कुणी बांधलं, असं गावात विचारा. उत्तरं तीनच येतात. म्हाताऱ्या माणसांच्या मते पांडवांनी, एका रात्रीत. मध्येच कोंबडा आरवला म्हणून कळस राहून गेला. शिकलेल्यांच्या मते हेमाडपंतानं. आणि ज्यांना या दोघांच्या वादात पडायचं नसतं, त्यांच्या मते अहिल्याबाईंनी. हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेलं दिसलं की ते त्याच्या खात्यावर टाकायचं, असा आपल्याकडे शिरस्ता आहे. अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालचं, हेमाडपंताच्या सुमारे दोनशे वर्षं आधीचं, पण तेही लोक बिनदिक्कत हेमाडपंती म्हणतात. त्या बिचाऱ्यानं राज्याचा कारभार कधी पाहिला असेल कोण जाणे.

दुसरा मुक्काम देवळाच्या मागचे चार वीरगळ. सगळ्यांत खाली लढाईत पडलेला वीर, त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतोवर याची कीर्ती राहो. त्यातला एक वीरगळ धुण्याचा दगड म्हणून इतकी वर्षं वापरात आहे की लढाई पार झिजून गेली आणि नुसत्या अप्सरा उरल्या. दुसऱ्याला शेंदूर फासलाय. त्याला मंगळवारी नारळ फुटतो आणि तो मुलींची लग्नं जमवतो. मागच्या फेरीत आमच्या कार्यवाह मॅडमनी शेंदूर फासणाऱ्या मावशींना समजावून सांगितलं, “मावशी, हा देव नाही, हा लढाईत पडलेला शिपाई आहे.” मावशी म्हणाल्या, “मग तर जास्तच पूजा कराय पायजे की, बाई.” याला मंडळाकडे उत्तर नव्हतं. मला विचाराल तर मुळात कुठल्याच संशोधनात याला उत्तर नाही.

तिसरा मुक्काम मोठ्या वाड्याचा, म्हणजे भुयाराचा. आमच्या भागात भुयार नसलेला वाडा वाडाच नव्हे. आणि भुयार निघतं ते थेट अजिंक्यताऱ्यावर. मधे कृष्णा आहे, दोन ओढे आहेत, हायवे आहे, तरी भुयार सुरूच. भुयार स्वतः कुणी पाहिलेलं नसतं, सांगणाऱ्याच्या आजोबांनी पाहिलेलं असतं, आणि त्यांनी त्यात सोडलेली कोंबडी किल्ल्यावर निघालेली असते. एकदा वाड्याच्या मालकांनी वैतागून खरोखरच जमीन उकरून दाखवली. खाली धान्याचं पेव निघालं. लोकांनी एकमेकांकडे असं पाहिलं की जणू मालकांनीच भुयार विकून खाल्लं.

जानेवारीत सहल निघते, ती ठरलेली: लिंब आणि मेणवली. लिंबची बारा मोटेची विहीर शाहू महाराजांच्या काळातली, वीरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 या वर्षांत बांधलेली. एकाच वेळी बारा मोटा चालतील एवढा घेर, आणि विहिरीतच दरबार भरवता येईल असा महाल. तिथे उतरल्यावर मंडळातला सगळ्यांत भांडखोर माणूसही घटकाभर गप्प होतो. मग बाहेर येऊन विचारतो, “आता हिचा फेरफार कुणाच्या नावावर आहे?” निवृत्त तलाठी तो. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा, घाट आणि घाटावरची ती घंटा. 1739 च्या वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज चर्चची घंटा, तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती. शंकराच्या दारात मेरी टांगलेली आहे आणि इतकी वर्षं कुणाची काही तक्रार नाही, ही गोष्ट मला तरी त्या वाड्याइतकीच पाहण्याजोगी वाटते. पण सहलीतल्या मंडळींना पाहायचं असतं ते ‘स्वदेस’चं शूटिंग कुठे झालं ते. नाना फडणविसांनी पेशवाई तोलून धरली, ते इथे कुणी विचारत नाही. शाहरुख खान कुठल्या पायरीवर बसला होता, ते मात्र मेणवलीतलं शेंबडं पोरही दाखवतं.

फेब्रुवारी आला की मंडळाचे दोन गट पडतात: तारीखवाले आणि तिथीवाले. शिवजन्माची जुनी मानलेली तिथी वैशाख शुद्ध द्वितीया, शके 1549. पुढे टिळकांनी 1916 साली जेधे शकावली प्रसिद्ध केली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 अशी नोंद निघाली. इंग्रजी हिशेबानं ती 19 फेब्रुवारी 1630. सरकारनं हीच तारीख धरली. आता तारीखवाले 19 फेब्रुवारीला व्याख्यान ठेवतात. तिथीवाले त्याला श्रोते म्हणून येतात, पहिल्या रांगेत बसतात आणि शेवटी प्रश्न विचारतात. पुढे फाल्गुनात तिथीवाले व्याख्यान ठेवतात आणि तारीखवाले पहिल्या रांगेत बसतात. वैशाखवाले एकच आजोबा उरलेत. ते त्या दिवशी एकटेच माडीवर येऊन हार घालून जातात आणि त्यांना कुणी काही बोलत नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण आमच्यात गणिताचे एक निवृत्त सर आहेत. त्यांनी मुद्दा काढला की 19 फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन पंचांगाची तारीख, आजच्या ग्रेगोरियन हिशेबानं तिच्यात दहा दिवस मिळवायला हवेत, म्हणजे 1 मार्च. गणित बरोबर होतं, म्हणूनच सगळे घाबरले. अध्यक्षांनी हात जोडून सांगितलं, “सर, तीन हार होतात वर्षाला. चौथ्याला फंड नाही.” प्रस्ताव पुढच्या सभेवर ढकलण्यात आला. तो दर वर्षी ढकलण्यात येतो.

मे महिन्यात मोडीचा वर्ग भरतो, आणि मंडळाचं खरं वर्ष सुरू होतं ते इथून. दहा दिवसांचा वर्ग. प्रवेश फी नाममात्र, त्यात बोरू मंडळातर्फे. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लोंबकळवत जायची. पहिल्या दिवशी सगळ्यांचं ‘ग’ आणि ‘म’ सारखंच येतं. तिसऱ्या दिवशी कळतं की मोडीत इकार-उकारांना ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच नाही. ते ऐकून मागच्या बाकावरच्या आठवीतल्या पोरानं टाळी वाजवली आणि पुढच्या बाकावर बसलेल्या, उभा जन्म वेलांट्या सुधारण्यात घालवलेल्या गुरुजींचा चेहरा पाहवेना. “म्हणजे इतके दिवस…” एवढंच ते म्हणाले.

मग कालगणना. मोडी कागदावर वर्ष सरळ लिहिलेलं नसतं. तिथे शुहूर सन येतो, आणि तोही अरबी आकड्यांनी: ‘तिसा सबैन मया व अलफ’. तिसा म्हणजे नऊ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. बेरीज 1179. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1778, पण साल मृगापासून धरायचं, म्हणजे पुढच्या जूनपर्यंत तेच. पेरणीपासून वर्ष सुरू होणं हे आमच्या शेतकरी विद्यार्थ्यांना एका फटक्यात पटतं. नोकरदारांना एप्रिल ते मार्चची सवय असल्यामुळे ते अडखळतात. वर्ग संपेस्तोवर आमच्यातले काही जण शुहूर सनात इतके पारंगत होतात की कुठल्याही लढाईचं साल तोंडी काढतात. स्वतःच्या लग्नाचं मात्र कार्यवाह मॅडमना सांगावं लागतं, त्याही कुणाच्या तरी घरून फोन आल्यावर.

शेवटचे दोन दिवस ‘आपापले कागद आणा’ असं सांगितलेलं असतं. गावात घरोघरी रुमाल आहेत. रुमाल म्हणजे लाल कापडात बांधलेलं जुनं दप्तर. दर दसऱ्याला त्याला हळद-कुंकू वाहायचं, वाचता येत नसल्यामुळे त्यात काय आहे हे कुणालाच माहीत नसतं, आणि म्हणूनच त्यात सनद आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. खुद्द थोरल्या महाराजांची, किमान माधवराव पेशव्यांची. आपला पणजोबांचा पणजोबा सरदार होता, निदान शिलेदार होता. हातात लेखणी धरणारा कारकून कुणाच्याच घराण्यात झालेला नाही. मग हे एवढे कागद लिहिले कुणी, असा प्रश्न मी एकदा विचारून पाहिला. कुणाला आवडला नाही.

परवाच्या मेमध्ये पेठेतले एक किराणा दुकानदार असाच रुमाल घेऊन आले. सोबत बायको, दोन भाऊ, भावजया आणि मोबाइलवर चित्रण करायला पुतण्या. फडकं सोडलं. वरचाच कागद वर्गापुढे ठेवला. गणिताच्या सरांनी भिंग लावलं. शाई काळी कुळकुळीत, कागद धड, खाली साक्षीदारांची नावं. सर वाचू लागले आणि दुसऱ्या ओळीपासून त्यांचा आवाज उतरला. सनद नव्हती, कर्जरोखा होता. सन तोच, तिसा सबैन मया व अलफ. मुद्दल रुपये 75, बैलजोडी गहाण, व्याज दरमहा दर शेकडा दोन रुपये. दुकानदारांचं तोंड एवढंसं झालं. “म्हणजे आमचे पूर्वज कर्जबाजारी?”

“छे हो,” सर म्हणाले. “कागद तुमच्या घरात आहे, म्हणजे तुम्ही धनको. आणि फाडलेला नाही, म्हणजे फिटलेलं नाही. फिटलं की रोखा फाडायची रीत होती.”

सगळं कुटुंब पुन्हा ताठ बसलं. सरदारकी हुकली होती, पण सावकारी हाती लागली होती, आणि आजच्या बाजारात तीच बरी. मग कुणीतरी विचारलं, कुळ कोण? सरांनी भिंग खाली सरकवलं, नाव वाचलं, आडनाव वाचलं आणि चष्म्यावरून अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांच्याच घराण्यातलं नाव. वंशावळीत आहे, भिंतीवर फ्रेम करून लावलीय त्यांनी.

पुढची दहा मिनिटं मंडळाच्या आजवरच्या वाटचालीत सोन्याच्या अक्षरांनी लिहावीत अशी होती. पुतण्यानं मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढला. दरमहा दोन टक्के, जवळजवळ अडीचशे वर्षं. चक्रवाढीनं लावलं तेव्हा आकडा पडद्यावर मावेना. दुकानदारांच्या धाकट्या भावजयीनं अध्यक्षांच्या बंगल्याच्या दिशेला खिडकीतून एक नजर टाकली. अध्यक्ष मात्र शांत होते. दिवाणी कोर्टात शिरस्तेदारी केलेला माणूस. ते एकच शब्द बोलले: “दामदुप्पट!”

जुन्या हिंदू कायद्यातला हा नियम, आणि मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही तो मानला: एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही. वर्षं दोन होवोत की दोनशे, सावकाराला मिळणार दामाच्या दुप्पट, वर छदाम नाही. म्हणजे मुद्दल 75, व्याज 75, एकूण दीडशे रुपये. अध्यक्षांनी खिशातून दोनशेची नोट काढून टेबलावर ठेवली आणि रोखा फाडायला हात पुढे केला. कार्यवाह मॅडम किंचाळल्या, “सर, ऐतिहासिक दस्तऐवज आहे!” दुकानदारांकडे पन्नास रुपये सुटे नव्हते. किराणा दुकानदाराकडे सुटे नसणं हे आमच्या गावातलं पहिलं लिखित उदाहरण असेल. शेवटी पन्नास रुपये मंडळाच्या देणगीखाती जमा झाले आणि रोखा प्लॅस्टिकच्या पाकिटात गेला. फिटलेला असूनही न फाडलेला असा तो बहुधा एकमेव.

त्याच रुमालात खाली एक महजर निघाला. गोतसभेपुढे चाललेल्या तंट्याचा निवाडा. तंटा कशाचा, तर पोळ्याच्या दिवशी वेशीतून पहिला बैल कुणाचा जायचा. एका पाटलाचा की दुसऱ्या पाटलाचा. दोन्ही पक्षांचे करीने म्हणजे कैफियती, साक्षी, शपथा, आणि शेवटी ठराव: बैल याचा पहिला, पण विडा त्याला पहिला, आणि होळीची पोळी दोघांनी बरोबरीनं टाकावी. आपल्या पेशवे दफ्तरापासून गावोगावच्या रुमालांपर्यंत असल्या मानपानाच्या भांडणांची रास आहे. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद 45 खंडांत छापले, त्यात लढाया आणि राजकारणं भरपूर. पण गावच्या रुमालात तलवार क्वचित. तिथे बांध, विहीर, हुंडा, उसनवारी आणि पहिला विडा.

वर्गातल्या तरुण पोरांना हे फार विनोदी वाटलं. बैल पुढे गेला काय नि मागे गेला काय! मंडळाचे ज्येष्ठ मात्र हसले नाहीत. ते कागदाकडे टक लावून पाहत होते, कारण सप्टेंबरातल्या वार्षिक कार्यक्रमाच्या पत्रिकेत कुणाचं नाव वर छापायचं, यावरून मंडळात आतापासूनच पत्रव्यवहार सुरू झाला होता.

पाऊस सुरू झाला की माडी गळते. गळती नेमकी कागदांच्या कपाटावर येते. सतरंजीवर कधी येत नाही. वर प्लॅस्टिक टाकायचं, खाली घमेलं ठेवायचं, उघडीप पडली की रुमाल हवेला ठेवायचे, एवढाच पावसाळ्यातला कार्यक्रम. नगरपालिकेकडे अर्ज जातो. त्याची पोच मिळते. पोच फाइलला लागते. मंडळाकडे जपून ठेवलेल्या दस्तऐवजांत या पोचा संख्येनं आता मोडी कागदांच्या खालोखाल आहेत.

सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मागील सभेत जे भांडण झालं ते इतिवृत्तात आलेलं असतं, ते वाचलं की दोन्ही पक्षांना आठवतं, आणि भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं. विषय क्रमांक दोनला सहसा पुढच्या महिन्यात हात लागतो. या वर्षीचा पेच शालीचा होता. प्रमुख पाहुण्यांना शाल कुणी द्यायची? अध्यक्षांनी, असं घटनेत आहे. पण शाल ज्यांच्या देणगीतून आली त्या कापड दुकानदारांचं म्हणणं, शाल मी, श्रीफळ अध्यक्षांनी. कार्यवाहांचं म्हणणं, मग पुष्पगुच्छ कुणी? तासभर झाला तरी तिढा सुटेना. तेव्हा मोडी वर्गातलं ते आठवीतलं पोर, जे खुर्च्या मांडायला आलं होतं, म्हणालं, “महजरासारखं करा ना. बैल याचा पहिला, विडा त्याचा पहिला.” सभेत एकदम सन्नाटा. मग पोस्टमास्तर आजोबांनी ठराव मांडला आणि तसंच झालं: शाल दुकानदारांनी, श्रीफळ अध्यक्षांनी, आणि फोटोत दोघांनी बरोबरीनं हात लावावा. इतिवृत्तात ‘गोतसभेच्या पूर्वनिर्णयास अनुसरून’ असं लिहिलंय. मंडळानं आजवर केलेलं सगळ्यांत उपयोगी संशोधन हेच.

दसऱ्याला शस्त्रप्रदर्शन भरतं. धोप, पट्टा, कट्यार, बिचवा, ढाली, ज्याच्या घरात जे असेल ते आणायचं, नावाची चिठ्ठी लावायची. चिठ्ठ्यांवर भारी भारी मजकूर असतो: ‘पानिपतच्या रणांगणावर वापरलेली तलवार’. पानिपतावर वापरून ती परत कशी आली, हे विचारायचं नसतं. एका काकूंनी आणलेल्या तलवारीवर मात्र त्यांनी स्वतः लिहून लावलं होतं: ‘आमच्या सासूबाई हिनं कोहळा फोडत’. सगळ्या प्रदर्शनात शंभर टक्के खात्रीलायक नोंद तेवढी एकच.

त्याच दिवशी लोक नाणीही घेऊन येतात. दर वर्षी हमखास कुणीतरी रुमालात गुंडाळून, आवाज खाली करून ते सुप्रसिद्ध नाणं दाखवतो: एका बाजूला राम-सीता-हनुमान, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, 1818’. असलं नाणं कंपनीनं कधी पाडलंच नाही, हे जत्रेत विकायला केलेले बिल्ले आहेत, असं कितीही सांगा. समोरचा हसतो. “सर, हे तांदूळ ओढतंय. कोटीत किंमत आहे.” मग परीक्षा. हेडकॅशियर खाली जाऊन मूठभर कोलम आणतात, टेबलावर पसरतात, नाणं जवळ धरतात. तांदूळ जागचा हलत नाही. “कोलमला नाही ओढत ते,” मालक नाणं परत गुंडाळत सांगतो, “बासमती लागतो.” आणि त्याच टेबलाच्या टोकाला एका नातवाच्या करदोट्यात ओवलेली अस्सल शिवराई लोंबत असते, एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’. तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, कारण ती तांदूळबिंदूळ काही ओढत नाही.

दिवाळीतली किल्ले स्पर्धा हा मंडळाचा एकमेव कार्यक्रम, ज्याला गर्दी जमवावी लागत नाही. वसुबारसेपासून गल्लोगल्ली लाल माती, पोती, विटा आणि आयांचा आरडाओरडा. मोहरी पेरून हिरवळ उगवायची, वर कागदी भगवा, सिंहासनावर महाराज. मावळे कमी पडले की प्लॅस्टिकचे मशीनगनवाले शिपाई, वाघ, एक जिराफ आणि बुरुजाखाली बॅटरीवर चालणारं कारंजं. परीक्षक म्हणून मंडळाचे तीन जण जातात, आणि त्यांच्यासाठी हा वर्षातला सगळ्यांत कठीण दिवस असतो, कारण पोरांना बरंच माहीत असतं.

एका अंगणात राजगड होता. गणिताच्या सरांनी खिंडीत पकडायचं म्हणून विचारलं, “चिलखती बुरूज कुठल्या माचीला?” पोरगं म्हणालं, “संजीवनीला. आणि सुवेळाला नेढं. पद्मावतीला काय ते तुम्ही सांगा.” सर पुढच्या अंगणात गेले. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यामुळे या वेळी एका गल्लीनं जिंजी केली होती. तीन टेकड्या, त्यांना जोडणारी तटबंदी. परीक्षकांपैकी कुणीच जिंजी पाहिलेली नाही. रायगड पडण्याच्या सुमारास राजाराम महाराज तिथे गेले आणि 1698 पर्यंत ती झुंजत राहिली, इथवरचं ते सांगू शकले. पुढे गुण देताना मात्र तिघांनीही एकमेकांच्या कागदात डोकावून पाहिलं.

शेवटच्या घरी, बोळाच्या टोकाला, पाचवीतल्या एका मुलीनं किल्ला केलाच नव्हता, असं लांबून वाटलं. जवळ गेल्यावर दिसलं, तिच्यापुढे पाण्यानं भरलेलं घमेलं होतं. मधोमध दगड-मातीचं बेट, त्यावर तट, तटावर पेनाच्या टोपणांच्या तोफा. पाण्यात वहीच्या कागदाच्या होड्या, निम्म्यांवर इंग्रजांचा झेंडा.

“खांदेरी,” ती म्हणाली. “1679. हे इंग्रज. यांना बांधकाम थांबवायचंय. हे आपले. रात्री गुपचूप दगड आणतायत.”

परीक्षक खाली बसले. उकिडवे. तिघांचेही गुडघे वाजले. पोस्टमास्तरांनी एक होडी बोटानं सरळ केली. अध्यक्ष बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांच्यातला शिरस्तेदार जागा झाला.

“बाळ, सगळं छान. पण उंदेरी कुठाय? सिद्दीनं लगेच पुढच्याच वर्षी समोरचं उंदेरी बेट बळकावलं. खांदेरीवर तोफा डागायला. त्याशिवाय चित्र पुरं होत नाही.”

“होती उंदेरी,” मुलगी म्हणाली. “दुसऱ्या घमेल्यात. पण आजीला चकलीची भाजणी भिजवायला घमेलं पाहिजे होतं.”

“मग सिद्दीचं काय झालं?”

आतून आजीचा आवाज आला, “कोण हाय बाहेर? गुण काय द्यायचे ते देऊन टाका आन् हातपाय धुऊन आत या. पयला घाणा निघालाय.”